दोघांचा एक दिवस, आणि ‘सोबती’ म्हणजे कोण

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नाशकातल्या शरणपूरच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीच्या परंपरेतल्या, घरात वाढल्या आणि लग्न होऊन नाशिकरोडच्या कॅथलिक घरात आल्या. माहेरच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात २९ जूनला फक्त संत पेत्राचं नाव आहे, सासरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेत्र आणि पौल दोघांचं. त्यांच्या मुलाचं नाव पौल. सासूबाई २९ जूनला त्याचा नामदिन, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा दिवस, करतात, पण ताईंना वाटतं की दिवस मुळात पेत्राचा, आपल्या लेकराच्या वाट्याला अर्धाच सण येतो. शिवाय ३ जूनला तरुणांच्या बैठकीत त्यांना ‘चार्ल्स ल्वांगा आणि सोबती’ यांच्यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. हे सोबती कोण, आणि सगळ्यांची नावं घ्यायची का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तीस वर्षांहून जास्त काळ मी आमच्या धर्मग्रामात धर्मशिक्षक आहे. दर डिसेंबरात पुढच्या वर्षाच्या सणांची यादी लिहून वेदीमागच्या खोलीत लावायचं कामही माझ्याकडेच. कोणत्या दिवशी धर्मगुरूंचं कोणत्या रंगाचं वस्त्र काढायचं, कोणतं वाचन लावायचं, हे त्या यादीवरून ठरतं. म्हणून हा प्रश्न मला जवळचा आहे.

आधी तुमच्या पौलाचं. त्याचा सण अर्धा नाही, आणि दिवस मुळात एकट्या पेत्राचाही नाही. रोममधलं ३५४ सालचं एक पंचांग आपल्याला मिळालेलं आहे. त्यात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची यादी आहे आणि २९ जूनपुढे पेत्र आणि पौल दोघांचीही नावं आहेत. त्या नोंदीला जोडून २५८ सालच्या रोमन कॉन्सलांची, म्हणजे ज्यांच्या नावांवरून साल ओळखलं जायचं त्या वर्षापुरत्या अधिकाऱ्यांची, नावं येतात. २५८ म्हणजे सम्राट वालेरियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता ते वर्ष. दोघांचं एकत्र स्मरण त्या सुमारास रुजलं असावं, असं अभ्यासक त्यावरून मानतात. म्हणजे जोडीचा सणच जुना. पौलाचं नाव गळलं ते फार पुढे, इंग्लंडमध्ये. १५४९ मध्ये पहिलं इंग्रजी प्रार्थनापुस्तक तयार झालं तेव्हा २९ जूनला एकटा पेत्र ठेवला आणि पौलासाठी २५ जानेवारी, तो ख्रिस्ताकडे वळला त्या परिवर्तनाचा दिवस, पुरेसा मानला. १६६२ च्या पुस्तकात तेच कायम राहिलं, आणि तेच मिशनऱ्यांबरोबर शरणपूरला आलं. माहेरचं पुस्तक चुकीचं नाही. ते एका वेगळ्या घराचं पंचांग आहे, एवढंच.

मुलाला सांगायचंच असेल तर हे सांगा की ज्याच्याबरोबर त्याचा सण येतो त्याच्याशी पौलाचं कडाक्याचं भांडण झालं होतं. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय, अकरावं वचन काढा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांच्या पंगतीला बसायचा, पण यरुशलेमहून काही मंडळी आल्यावर तो मागे सरला. पौलाने सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सुनावलं. एक गालील समुद्रावरचा कोळी, दुसरा गमलिएल या यहुदी गुरूपाशी शिकलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला. स्वभाव वेगळे, काम वेगळं, आणि दोघांचाही शेवट रोममध्ये. संत ऑगस्टीनने एका प्रवचनात सांगितलंय त्याचा आशय असा: ते वेगवेगळ्या दिवशी मेले असले तरी ते एकच होते, म्हणून दिवसही एक. मला या सणाचं हेच मोल वाटतं. पंगतीवरून भांडलेल्या दोघांना मंडळीने एका पंगतीला बसवलं. पंगतीचं राजकारण आपल्या गावांना नवं नाही, त्यामुळे हे आपल्या मुलांना लगेच उमगतं.

आता एका दिवसावर दोन-दोन नावं का येतात ते. याला एकच एक नियम नाही. सगळ्यात साधं कारण म्हणजे ते एकत्र मेले. कधी ते एकाच घरचे असतात. २६ जुलैला मरियेचे आईवडील योवाकिम आणि अण्णा यांचा सण येतो. पूर्वी योवाकिमाला १६ ऑगस्ट हा वेगळा दिवस होता, कॅथलिक पंचांगाच्या १९६९ च्या सुधारणेत नवराबायकोला एकत्र आणलं. तुमच्या सासरचं महामंदिर संत अण्णांचंच, त्यामुळे भर पावसातला हा सण तुम्ही पाहिला असेलच. त्यांची नावं बायबलात नाहीत, दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या लेखनातून ती आली. माहेरी कुणी विचारलं तर हे मोकळेपणाने सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही. कधी कारण निव्वळ दगडविटांचं असतं. फिलिप्प आणि याकोब हे प्रेषित एकत्र का, तर सहाव्या शतकात रोममध्ये त्या दोघांच्या नावाने एक मंदिर अर्पण झालं आणि त्याचा दिवस पाळला जाऊ लागला. तीमथ्य आणि तीत २६ जानेवारीला येतात, कारण २५ ला त्यांच्या गुरूचा, पौलाचा, दिवस असतो. आपल्याकडे त्या सकाळी झेंडावंदनाची गडबड असते आणि हे दोन शिष्य दरवर्षी मागे पडतात. मी त्या दिवशी निदान प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायला लावतो.

तारखा का सरकतात हे कळलं की दोन कॅलेंडरांचं कोडंही सुटतं. संताचा दिवस शक्यतो त्याच्या मरणाचा दिवस असतो. मंडळी त्याला स्वर्गातला जन्मदिन म्हणते. पण त्याच तारखेला दुसरा मोठा संत आला की कुणाला तरी सरकावं लागतं. पैसे न घेता उपचार करणारे वैद्य म्हणून ज्यांची ख्याती, ते कोस्मास आणि दमियन जुन्या पुस्तकांत २७ सप्टेंबरला सापडतील. संत व्हिन्सेंट डी पॉल १६६० मध्ये त्याच तारखेला वारले, म्हणून नव्या पंचांगात हे दोघे भाऊ २६ ला आले. कार्थेजचा बिशप सिप्रियन १४ सप्टेंबर २५८ ला मारला गेला, पण १४ ला पवित्र क्रूसाचा सण. म्हणून तो आणि त्याचा समकालीन पोप कोर्नेलियस यांचं स्मरण १६ ला होतं.

मला सगळ्यात जिव्हाळ्याची जोडी पेर्पेतुआ आणि फेलिसिती यांची. ७ मार्च, सन २०३, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं कार्थेज. पेर्पेतुआ बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं मूल असलेली आई. फेलिसिती दासी, आठ महिन्यांची गरोदर. ख्रिस्ती म्हणून दोघींना आखाड्यात जनावरांपुढे टाकायची शिक्षा झाली होती. गरोदर बाईला मारायची कायद्याने मनाई होती, त्यामुळे आपल्याला मागे ठेवून बाकीचे जातील याची फेलिसितीला धास्ती होती. आखाड्यातल्या त्या खेळांच्या थोडेच दिवस आधी कैदेत ती बाळंत झाली. वेणांनी ती कळवळत होती तेव्हा पहाऱ्यावरचा एक जण म्हणाला, आत्ताच एवढी ओरडतेस, मग जनावरांपुढे काय करशील? तिने सांगितलं, आत्ता सोसतेय ती मी, तिथे माझ्यासाठी सोसणारा दुसरा माझ्यात असेल. झालेली मुलगी तिच्या एका ख्रिस्ती बहिणीने वाढवली. पेर्पेतुआने कैदेतली हकिकत स्वतःच्या शब्दांत लिहिली आणि ती टिकली. बाईच्या हातचं इतकं जुनं ख्रिस्ती लेखन फार थोडं उरलंय.

मालकवर्गातली बाई आणि दासी एका दिवशी, एका ओळीत. पण हा सणसुद्धा शतकानुशतकं ढकलला जात होता. थॉमस अक्वायनस १२७४ मध्ये ७ मार्चलाच वारले, आणि एवढ्या मोठ्या पंडितापुढे या दोघींकडे कोण पाहणार? १९०८ मध्ये त्यांना ६ मार्च दिला गेला. १९६९ मध्ये थॉमसना २८ जानेवारीला नेलं तेव्हा बायकांना आपला दिवस परत मिळाला. तरी तो बहुतेक वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात पडतो आणि जेमतेम एका प्रार्थनेपुरता उरतो. त्यांच्याबरोबर मेलेल्या सातुरुस, सातुर्निनुस, रेवोकातुस या पुरुषांची नावं तर पंचांगात नाहीतच.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. एका तारखेपुढे दोन नावं दिसली म्हणजे जोडसण असतोच असं नाही. २२ जूनला जॉन फिशर आणि थॉमस मोर हे जोडीने येतात. राजा आठव्या हेन्रीने १५३५ मध्ये दोघांचाही शिरच्छेद करवला, फिशरचा २२ जूनला आणि मोरचा ६ जुलैला. पण त्याच तारखेला नोलाचे पौलिनस हेही आहेत. त्यांचा या दोघांशी काही संबंध नाही, तारीख फक्त एक आली. अशा वेळी धर्मगुरू कुणा एकाचं स्मरण निवडतात, तिघांची खिचडी करत नाहीत. कॅलेंडरात मधे ‘आणि’ आहे की नावं वेगळ्या ओळींत आहेत, एवढं पाहिलं तरी उलगडतं.

आता ‘आणि सोबती’. या दोन शब्दांनी मला एकदा चांगलंच शिकवलं.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार-रविवार म्हणजे नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा, आणि त्याच्या आगेमागे वसईकडच्या बसगाड्या येऊ लागतात हे तुम्हाला ठाऊक आहे. एका वर्षी ६ फेब्रुवारीच्या सकाळच्या मिस्साला अशीच काही पाहुणे मंडळी होती. हुतात्म्यांच्या दिवसाचं लाल वस्त्र काढलं होतं, वाचन लावलं होतं, आणि मी पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं वाचलं: आज पौल मिकी आणि सोबती, हुतात्मे, यांचं स्मरण. मिस्सा संपल्यावर एक म्हातारी बाई माझ्यापाशी आली. लाल लुगडं, हातात जपमाळ गुंडाळलेली. म्हणाली, “बाबा, आमच्या गोन्सालोचं नाव का नाही घेतलंस?”

मला उत्तर देता आलं नाही. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया त्या ‘सोबती’ शब्दात दडलेला होता. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसांवर मारलं. सहा फ्रान्सिस्कन आणि तीन येशूसंघीय (पौल मिकी त्यांतलाच) असे दोन संन्यासी संघांतले नऊ जण, आणि सतरा जपानी प्रापंचिक. क्योतोला त्यांच्या कानाचा तुकडा कापून भर थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं होतं. निघाले तेव्हा चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करायला बरोबर चाललेल्या दोघांनाही धरलं आणि सव्वीस झाले. त्यांत बारा वर्षांचा लुई इबाराकी होता, तेरा वर्षांचा अँथनी होता, चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आणि त्याचा बाप मिखाएल कोझाकी होता. थॉमसने वाटेत आईला लिहिलेलं पत्र पुढे बापाच्या अंगावरच्या कपड्यात सापडलं. ५ तारीख संत आगाथाची असल्याने यांचं स्मरण ६ ला होतं. १८६२ मध्ये सगळ्यांना एकत्रच संतपद मिळालं, आणि भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो आपला गोन्सालोच.

त्या दिवशी घरी येऊन मी सव्वीस नावं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काढली. पुठ्ठा अजून वेदीमागच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, लाल वस्त्रं ठेवतो त्याच कपाटाच्या. नॅप्थलीनच्या गोळ्यांनी कागद पिवळा पडलाय, पण ६ फेब्रुवारीला नावं तिथूनच वाचतो. दोन मिनिटंही लागत नाहीत.

तेव्हा तुमच्या ३ जूनच्या बोलण्याबद्दल माझं मत सरळ आहे. नावं घ्या. आणि ताई, या विषयाला तुमचं माहेर आणि सासर दोन्ही लागतात, म्हणून नीट सांगतो.

शरणपूर हे नावच शरण आलेल्यांचं गाव असं सांगतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रयस्थान चालवलं होतं. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यांतून सुटलेली मुलं मुंबईमार्गे नाशकात यायची, शिकायची, सुतारकी-लोहारकी करायची. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंगस्टन याचा देह तिथल्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट इथलाच. इथलाच दुसरा विद्यार्थी विल्यम जोन्स. तो आफ्रिकेत परतला, मोंबासाजवळच्या रबई इथे अनेक वर्षं काम केलं, आणि १८८५ मध्ये अँग्लिकन बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी त्याला डीकनची, म्हणजे धर्मगुरूपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा दिली.

त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे पायी निघाले. बरोबर हमालांचा मोठा तांडा आणि जोन्स. अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर बिशपांनी जोन्सला बहुतेक माणसांसह मागे थांबवलं आणि स्वतः पन्नासेक जणांना घेऊन पुढे गेले. आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्याचा तरुण राजा म्वांगा याच्या हुकमावरून त्यांना शेजारच्या बुसोगात कैद केलं, आणि २९ ऑक्टोबर १८८५ ला बिशप आणि त्यांच्याबरोबरची जवळपास सगळी माणसं मारली गेली. हातावर मोजण्याइतके जण सुटून जोन्सपर्यंत पोचले. जोन्सने उरलेला तांडा परत आणला. पुढे निळं निशाण होतं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: ईखाबोद. पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायातला तो शब्द, वैभव निघून गेलं या अर्थाचा. नाशकात अक्षरं गिरवलेल्या माणसाच्या मागून तो तांडा १८८६ च्या सुरुवातीला रबईला पोचला.

अँग्लिकन पंचांगात २९ ऑक्टोबर हा हॅनिंग्टन यांचा दिवस आहे, आणि काही पंचांगांत ‘आणि त्यांचे सोबती’ असंही लिहिलेलं असतं. हे सोबती म्हणजे ओझी वाहणारी माणसं. त्या शब्दापुढे मी नेहमी जरा थांबतो.

इथून सासरची बाजू सुरू होते. म्वांगाच्या दरबारात जोसेफ मुकासा बालिकुद्देम्बे हा कॅथलिक अधिकारी राजाच्या सेवेतल्या पोरांवर देखरेख करायचा. बिशपाला मारलं याबद्दल त्याने राजाला तोंडावर दोष दिला. मारला गेलेला बिशप त्याच्या पंथाचा नव्हता. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मिशन तेव्हा त्या दरबारात एकमेकांकडे फारशा प्रेमाने पाहत नव्हती. तरी हा बोलला, आणि १५ नोव्हेंबर १८८५ ला त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या जागी पोरांना सांभाळायला आला तो चार्ल्स ल्वांगा. राजाच्या वासनेपासून तो त्या पोरांना वाचवत राहिला, कैदेत असताना ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा होता त्यांना त्याने बाप्तिस्मा दिला, आणि ३ जून १८८६ ला नामुगोंगोला तो आणि इतर अनेक जण जाळले गेले. किझितो त्यांतला सर्वांत लहान, चौदाएक वर्षांचा. त्या चितांवर कॅथलिक होते तसे अँग्लिकनही होते. १८ ऑक्टोबर १९६४ ला पोप सहावे पॉल यांनी बावीस कॅथलिकांना संत घोषित केलं, तेव्हा अँग्लिकन हुतात्म्यांचाही उल्लेख केला. अँग्लिकन मंडळीही त्यांचं स्मरण ३ जूनलाच करते. म्हणजे तुमच्या घरातल्या दोन्ही परंपरा या तारखेवर एकत्र येतात.

दहा मिनिटांत हे सगळं बसणार नाही. मी असतो तर नामुगोंगोपासून सुरुवात केली नसती. शरणपूर रोडपासून केली असती, कारण पोरं रोज त्या रस्त्याने जातात. मग जोन्स, मग निळं निशाण, मग मुकासाचं ते बोलणं, आणि ल्वांगा शेवटी. जाळण्याचं वर्णन लांबवू नका, दोन वाक्यं पुरेत. ‘कॅथलिक पंथासाठी मेले’ असं तर मुळीच म्हणू नका, दुसऱ्या मंडळीतल्या हुतात्म्यांवर तो अन्याय होईल.

बावीस नावं बैठकीतल्या बावीस पोरांना आधीच चिठ्ठ्यांवर वाटून द्या आणि एकेकाला उभं राहून वाचू द्या. मुलं कमी आली तर एकेकाला दोन द्या. बालिकुद्देम्बे, ल्वांगा, किझितो ही नावं जिभेला नवी आहेत, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाकडून तीन-चारदा म्हणून घ्या. हॅनिंग्टनच्या हमालांसाठी एक चिठ्ठी कोरी ठेवा. ती पौलाकडे द्या, आणि त्याच्या पाळीला सगळ्यांनी उभं राहून थोडा वेळ गप्प राहू द्या.

२९ जूनला त्याच्यासाठी जे गोड करायचं ते सासूबाईंनाच करू द्या. २५ जानेवारीला माहेरी न्या त्याला. तो दिवसही त्याचाच आहे.